बावीस चमचे साखर

चूक कबूल करायची झाली तर ती निदान मोठी तरी असावी, या मताला मी आता उतारवयात येऊन पोचलो आहे. गांधीजींनी १९१९ साली आपली चूक हिमालयाएवढी होती असं चारचौघांत सांगून टाकलं. सांगता आलं, कारण ती हिमालयाएवढी होती. मोठ्या चुकीला एक शोभा असते. ती कबूल करणारा माणूस आणखीच उंच दिसतो. पण ज्याची चूक वजनाने एकशे दहा ग्रॅम भरली, त्याने काय करावं? घसा खाकरून, हात जोडून सांगावं काय? की ‘मंडळी, साखर मी घातली’?

ही एकशे दहा ग्रॅमची चूक मी १९८४ च्या जुलैत, इंग्लंडात, लीड्स या गावी केली. लीड्स म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचं जुनं गाव. तिथल्या विद्यापीठात कापडशास्त्र शिकायला आपल्याकडची मुलं जात. माझा भाचाही गेला, शिकला आणि तिथेच चिकटला. पहिली दोन वर्षं त्याने पत्रांतून थंडीचं वर्णन केलं, तिसऱ्या वर्षी लग्न केलं आणि पाचव्या वर्षी मामा-मामींना विमानाची तिकिटं पाठवली. मी तेव्हा ऑडिटमध्ये होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांवर लाल शाईने टिकमार्क करायची नोकरी. साठवलेली सहा आठवड्यांची रजा घेतली आणि निघालो.

आपल्याकडे जिन्याखालच्या जागेत केरसुणी, रद्दी आणि गॅसचं जादा सिलिंडर असतं. भाच्याच्या जिन्याखाली एक पांढरी, झाकणाची, चांगली पाच गॅलनची बादली होती. झाकणाला कान लावला तर आत कोणीतरी जप करत असल्यासारखी पुटपुट ऐकू यायची.

“बिअर लावलीय, मामा,” भाचा म्हणाला. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, ‘दही लावलंय’ म्हणते, अगदी त्याच सुरात.

माझ्या मनात पंचनामा सुरू झाला. आमच्या राज्यातला दारूबंदीचा कायदा १९४९ चा. पिणाऱ्याला परवाना लागतो आणि कायद्याच्या भाषेत तो मिळतो प्रकृतिस्वास्थ्यासाठी. म्हणजे सबंध राज्यात जेवढे परवानेवाले तेवढे आजारी. घरात बादलीभर बिअर लावणारा तर सरळ आत. पण भाच्याने समजावलं. त्यांच्याकडेही १८८० पासून घरी बिअर करणाऱ्याला परवाना लागत असे. १९६३ साली मॉडलिंग नावाच्या अर्थमंत्र्यांनी तो काढून टाकला. घरी करा, घरी प्या, विकू मात्र नका. हे ऐकून मी बादलीजवळ थोडा सरकलो.

भाच्याचा या विद्येतला गुरू शेजारीच राहत होता. सत्तरी ओलांडलेले, गिरणीतून निवृत्त झालेले, पाईप ओढणारे गृहस्थ. त्यांची यॉर्कशरची बोली मला जेमतेम निम्मी कळे, जशी पुणेरी माणसाला मालवणी कळते. एकटेच असत. मी मनातल्या मनात त्यांना नाना म्हणू लागलो. आपण १९६३ पासून बिअर करतो, असं ते सांगत, आणि सांगताना एक डोळा मिचकावत. त्यावरून मॉडलिंगसाहेबांची त्यांनी फारशी वाट पाहिली नसावी. त्यांच्याकडे जाड काचेच्या, तपकिरी, एकेका पाइंटाच्या चाळीस बाटल्या होत्या. वीस वर्षांत एकेक करून जमवलेल्या. त्या त्यांनी भाच्याला वापरायला दिल्या होत्या. वापरायला म्हणजे, आपली आजी शेजारणीला पुरणयंत्र देते तशा: पाच सूचना, दोन ताकिदी आणि मग वस्तू.

नानांनी मला गावही दाखवलं. सिटी स्क्वेअरमध्ये प्रीस्टली या शास्त्रज्ञाचा पुतळा आहे. हा मूळचा धर्मोपदेशक. १७६७ साली लीड्सच्या मिल हिल चॅपलमध्ये नेमणूक झाली आणि राहायला घर मिळालं ते बिअरच्या भट्टीशेजारी. दुसरा कोणी उपदेशक असता तर त्याने वासाबद्दल तक्रार केली असती किंवा भट्टीवाल्यांना उपदेश तरी केला असता. हा त्या आंबणाऱ्या पिंपांवर वाकून बसला. तिथल्या हवेत मेणबत्ती विझते, हे त्याने पाहिलं. मग पिंपाच्या तोंडाशी धरून एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतत राहिला आणि पाण्याला चुरचुरीत चव आली. १७७२ साली त्याने त्यावर पुस्तिका छापली. आपण ज्याला सोडा म्हणतो, तो या शेजारधर्मातून निघाला. या प्रीस्टलीशी माझं पुढे काम पडलं, ते येईलच.

बादलीतली पुटपुट थांबली तेव्हा भाच्याने तिच्यात काचेची एक नळी तरंगत सोडली. हिला हायड्रोमीटर म्हणतात. आपल्याकडे दुधात पाणी किती हे पाहायला दुग्धमापक असतो, त्याची ही चुलत बहीण. पाण्यात ती १.००० दाखवते. बिअर लावली तेव्हा साखरेमुळे १.०४० दाखवत होती. यीस्टने साखर खाल्ली तशी खाली आली. लागोपाठ तीन दिवस १.००९ वर थांबली की समजायचं, खाणाऱ्यांचं पोट भरलं, आता बाटलीत भरायला हरकत नाही. भाच्याची एक वही होती. तीत तो सगळं टिपून ठेवी. बाटल्यांनासुद्धा त्याने नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. हा गुण मामाकडूनच गेला, असं माझी बहीण म्हणते.

आता घोटाळ्याचा मुद्दा. बाटलीतल्या बिअरला फेस यावा म्हणून झाकण ठोकण्यापूर्वी प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर घालतात. उरलंसुरलं यीस्ट तीही खातं, आणि झाकण बंद असल्याने निघालेला वायू बिअरमध्येच विरघळून बसतो. ही साखर भाच्याने सकाळीच, नरसाळ्याने, रिकाम्या बाटल्यांत घालून ठेवली होती. मी तेव्हा अंघोळीला गेलो होतो. इंग्लंडातला नळ एका बाजूने उकळता आणि दुसऱ्या बाजूने बर्फाचा, त्यामुळे माझ्या अंघोळीला वेळ लागे. इतिहास असाच घडतो.

मी बाहेर आलो तेव्हा चाळीस बाटल्या भरून, चार रांगांत, उघड्या तोंडाने स्वयंपाकघराच्या फरशीवर उभ्या होत्या. तेवढ्यात पुण्याहून ट्रंक कॉल आला. सगळी मंडळी फोनकडे धावली. “मामा, जरा लक्ष ठेवा,” असं भाचा जाता जाता म्हणाला.

मी लक्ष ठेवलं. बादलीच्या तळाशी पेलाभर बिअर उरली होती. केवळ कर्तव्यबुद्धीने मी तिचा एक घोट घेऊन पाहिला. कडू! म्हणजे कारल्याने लाजून वेलीवर परत जावं इतकी कडू. आता आमच्या घरचं वळण सांगितलं पाहिजे. आमच्याकडे आमटीत गूळ, भाजीत साखर, कोशिंबिरीत साखर. कडू पदार्थ पाहुण्यासमोर जाऊ द्यायचा नाही, ही आईची शिकवण. पोराने एवढी मेहनत केली आणि शेवटी घशाखाली उतरेना असं झालं तर? ओट्यावर साखरेचा डबा होता, चमचा होता, नरसाळं होतं. पहिल्या बाटलीत मी एक चमचा साखर सोडली. बाटलीने ‘फस्स’ करून थोडा फेस वर आणला. मला वाटलं, तिने आभार मानले. रुमालाने तिचं तोंड पुसून मी दुसरीकडे वळलो. फोनची तीन मिनिटं संपली, बहिणीने आणखी तीन घेतली असावीत. पावलं वाजली तेव्हा माझ्या बावीस बाटल्या झाल्या होत्या. मी डबा जागेवर ठेवला आणि लक्ष ठेवत उभा राहिलो.

तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. पण केलेलं सत्कार्य आपण होऊन सांगू नये, असाही एक संस्कार आहेच.

तिसऱ्या शनिवारी पहिली बाटली उघडली. झाकण निघालं आणि पाठोपाठ अख्खी बाटलीच बाहेर आली, म्हणजे काच तेवढी आत राहिली. छत, पडदे, सूनबाईंची साडी आणि भिंतीवर कालनिर्णयातला गणपती, सर्वांना प्रसाद मिळाला. त्याच रात्री दोन वाजता जिन्याखाली स्फोट झाला. आमची ही झोपेतून उठून म्हणाली, “युद्ध सुरू झालं वाटतं.” झालं होतं. एक बाटली फुटून काचा कपाटभर पसरल्या होत्या.

रविवारी सकाळी चौकशी बसली. माझं उभं आयुष्य चौकशांत गेलं, पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसण्याचा हा पहिलाच प्रसंग. भाच्याने वही उघडली. बिअर फसफसण्याची कारणं ठरलेली असतात, आणि तो एकेक खोडत चालला. आंबणं पूर्ण व्हायच्या आत बाटल्या भरल्या काय? नाही, तीन दिवस १.००९ ची नोंद आहे. उकाडा? असेल, पण मग सगळ्याच बाटल्या बिथरायला हव्यात. साखर जास्त पडली काय? “मी स्वतः मोजून घातलीय, अर्धा चमचा.” हे वाक्य ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे साखर आधीच होती! त्याचा अर्धा अधिक माझा एक. साखर यीस्टने खाल्ली की वजनाने साधारण निम्म्याची दारू होते आणि निम्म्याचा वायू. ज्या बाटलीने अडीच ग्रॅम साखरेचा वायू सोसायचा, तिच्यात मी साडेसात ग्रॅमचा कोंडला होता. आणि चव? चव तर गोड होणारच नव्हती. साखर यीस्टच्या पोटात गेली होती. बावीस चमचे घालून मी कडूपणा कणभरही कमी केला नव्हता.

आता उरलं एकच कारण: जंतू. बिअर जंतूंमुळे बिघडते, हे पाश्चरने १८७६ मध्ये अख्खा ग्रंथ लिहून सांगितलेलं आहे. बाटली नीट धुतली गेली नसेल, तर एरवीचं यीस्ट जे सोडून देतं तेही हे जंतू खातात आणि वायू करत राहतात.

नानांना बोलावलं. त्यांनी आदल्या दिवशीच्या फसलेल्या बाटलीतला उरलेला घोटभर तोंडात घोळवला. गिळला. बाटलीचा गळा उजेडाकडे धरून पाहिला. मी समोर चहात साखर ढवळत होतो. माझा तिसरा चमचा चालला होता. नानांनी ते पाहिलं, निदान त्यांची नजर तिकडून गेली. मग ते म्हणाले, “बाटल्या माझ्या. जुन्या झाल्यात. माझ्याकडूनच नीट धुतल्या गेल्या नसतील.”

त्या क्षणी मी चमचा खाली ठेवला आणि तोंड उघडलं. उघडून त्यात चहा ओतला.

मग उपचार. थंड द्रवात वायू जास्त मुरून राहतो, म्हणून बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवल्या. नाना हातांत जाड मोजे, डोळ्यांवर गिरणीतला चष्मा असे तयार होऊन बसले. बाटलीला पंचा गुंडाळायचा, झाकण किंचित उचकटायचं, सुस्कारा सुटू द्यायचा, परत दाबायचं, पुन्हा थोड्या वेळाने तेच. भाचा प्रत्येक बाटलीचा नंबर आणि सुस्काऱ्याचा जोर वहीत लिहीत होता. लिहिता लिहिता मध्येच थांबला आणि त्याने वही मिटली. मला वाटलं, कंटाळला.

एका बाटलीचं झाकण नानांना पकडता येईना, म्हणून त्यांनी उजव्या हातातला मोजा काढला. नेमकी तीच फुटली. अंगठ्याला कापलं. फार नाही, पण रक्त आलं. आमच्या हिने धावत जाऊन हळद आणली आणि चिमूटभर दाबून बसवली. नाना आपल्या पिवळ्या अंगठ्याकडे बघून हसले आणि काहीतरी म्हणाले, ते मला कळलं नाही. कळावं अशी इच्छाही नव्हती.

दोन दिवसांनी, बाटल्या रिकाम्या करून धुतल्यावर, नाना त्या सगळ्या टाकायला निघाले. काचेच्या बाटल्या टाकायची मोठी लोखंडी पेटी तिथल्या बाजाराजवळ होती. इंग्लंडातली अशी पहिली पेटी लीड्सजवळच्याच बार्न्सली गावात १९७७ साली बसवली. भाचा कामावर गेलेला. हातगाडी ढकलायला मी गेलो. पेटीला पुरुषभर उंचीवर एक गोल भोक होतं. मी बाटली उचलून हातात द्यायची, नानांनी पिवळ्या अंगठ्याने ती आत सरकवायची, आतून खळ्ळ आवाज यायचा, मग पुढची. एक रात्री फुटली, एक हातात फुटली, राहिल्या अडतीस. म्हणजे अडतीस वेळा तो म्हातारा माझ्याकडे वळला आणि त्याने हात पुढे केला. त्यातल्या अठरा बाटल्यांना तर मी हातही लावला नव्हता. त्या अगदी निर्दोष होत्या. नाना घाईत नव्हते. मीही नव्हतो. मला इंग्रजी येत होतं. वाक्य तीनच शब्दांचं होतं.

परत आल्यावर मी या विषयाचा बराच विचार केला. ऑडिटवाल्याची सवय, मी माझाच आक्षेप काढला आणि मीच त्याला उत्तर लिहिलं. हेतू चांगला होता, हे पहिलं उत्तर. ते साखर घालण्यापुरतं मान्य. पण गप्प राहण्याचा हेतू कोणता चांगला होता? पहिल्या चुकीत निदान साखर होती, दुसरीत तीही नव्हती. मी खोटं बोललो नाही, हे दुसरं उत्तर. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वरून चालायचा आणि एका अर्ध्या सत्याने तो खाली आला, असं महाभारत सांगतं. त्याने निदान अर्धं तरी उच्चारलं. मी पाव टक्काही नाही. पण माझ्याकडे रथ नव्हता, पीएमटीचा पास होता. तेव्हा खाली यायचा प्रश्नच आला नाही, आणि बहुधा म्हणूनच मला ते जमून गेलं.

तिसरं उत्तर मला प्रीस्टलीने पुरवलं. या गृहस्थाने १७७७ साली आणखी एक पुस्तक लिहिलं. माणसाच्या प्रत्येक कृतीला आधीचं कारण असतं आणि त्या परिस्थितीत त्याच्या हातून तेच घडणार, असा त्याचा सिद्धान्त. वा! म्हणजे आईची शिकवण, कडू घोट, ट्रंक कॉल आणि इंग्लंडातला नळ ही चार कारणं जुळल्यावर साखर अटळ होती. मला फार हलकं वाटलं. आठवडाभर टिकलं. मग लक्षात आलं, की या हिशोबाने नानांचा अंगठा कापणंही अटळ होतं, आणि ते मात्र मनाला पटेना. स्वतःची चूक अटळ वाटते आणि दुसऱ्याची जखम टाळता आली असती असं वाटतं. यावर प्रीस्टलीचं काय म्हणणं आहे, ते शोधायला मी पुन्हा ते पुस्तक उघडलं नाही.

इथे बाटलीतला दाब आणि मनातला दाब यांची तुलना करायचा मोह कोणाही लेखकाला होईल. मी तो आवरतो. बाटलीला निदान झाकण उचकटणारा कोणीतरी भेटला होता.

एकदा एरोग्राम लिहायलाही घेतला. ‘चि. भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद’ इथपर्यंत छान झालं. पुढे हवापाणी, बहिणीचे गुडघे, सोसायटीचं पाणी, असं करता करता साखरेला जागाच उरली नाही. मग १९९१ मध्ये नाना गेल्याचं पत्र आलं. आता कबुली कोणाला द्यायची? ज्याचं देणं त्यालाच द्यावं लागतं. बँकेत भरून चालत नाही.

भाचा २०१६ साली पुण्याला आला. तोही निवृत्त झालेला, डोक्यावर एकूण एक पांढरा. दुपारी चहाला बसलो होतो. माझा चहा बिनसाखरेचा. डॉक्टरांनी बंद केली, आणि ती शिक्षा मला योग्यच वाटते. कशावरून तरी लीड्सचा विषय निघाला आणि मी एका दमात सांगून टाकलं. बावीस बाटल्या, चमचा, नरसाळं, सगळं.

भाच्याने कप खाली ठेवला. “एक ते बावीस नंबर, मामा. ओळीने. मध्ये एकही सुटली नव्हती.”

“म्हणजे?”

“जंतू असे ओळीने बसत नाहीत. ओळीने फक्त ऑडिटवाले जातात.”

मी बराच वेळ काही बोललो नाही. मग विचारलं, “तू तेव्हा का नाही बोललास?”

“मामाला काय बोलायचं? आणि नाना म्हणाले होते, पाहुणा आहे, राहू दे.”

“नानांना ठाऊक होतं?”

“पहिल्या घोटाला. बिअर आंबट नव्हती. जंतू असते तर आंबट लागली असती, बाटलीच्या गळ्याशी कडं दिसलं असतं. त्यांनीच मला दाखवलं.”

“मग इतक्या वर्षांच्या बाटल्या टाकल्या कशाला त्यांनी?”

भाच्याने साखरेचा डबा माझ्यापासून जरा लांब सरकवला.

“ते मला नाही सांगितलं. त्या संध्याकाळी एवढंच म्हणाले, की तुझा मामा बाटल्या फार सावकाश हातात देतो.”